१०८ येते, पण पुढे काय? कोकणातील अपघात-सेवेचे परीक्षण

मुंबई-गोवा महामार्गावर गंभीर अपघात झाल्यानंतर जखमी माणसाला जी सेवा मिळते, तिचे हे परीक्षण आहे. १०८ क्रमांकावर फोन लागल्यापासून ते जखमी माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचेपर्यंतची सगळी साखळी मी येथे एकच सेवा मानली आहे, कारण त्या माणसाच्या दृष्टीने ती एकच असते. महामार्गालगतच्या एका गावात माझा दवाखाना आहे. त्यामुळे या साखळीची पहिली कडी मला रस्त्यावर उभे राहून दिसते आणि शेवटची कडी नातेवाइकांसोबत रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून. माझे मत आधीच सांगतो. पहिली कडी चांगली आहे, लोक समजतात त्याहून बरीच चांगली. रुग्णवाहिका रुग्णालयाच्या दारात थांबल्यानंतरचा भाग मात्र ढिला आहे, आणि तो ढिलेपणा यंत्रसामग्रीच्या तुटवड्यापेक्षा कामाच्या मांडणीतून आलेला आहे.

महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा, म्हणजेच आपण जिला नुसते '१०८' म्हणतो ती सेवा, जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला राज्यासाठी ९३७ रुग्णवाहिका ठरवण्यात आल्या. त्यांपैकी २३३ प्रगत स्वरूपाच्या, म्हणजे व्हेंटिलेटर आणि मॉनिटर असलेल्या, तर ७०४ मूलभूत स्वरूपाच्या होत्या. राज्यभरातले फोन पुण्याच्या नियंत्रण कक्षात जातात आणि तेथून जवळची गाडी पाठवली जाते. सेवा पूर्णपणे मोफत आहे. तिचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य असे, की इतर अनेक राज्यांत १०८ च्या गाडीत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो, तर आपल्याकडे डॉक्टर असतो. यांतील बरेच डॉक्टर आयुर्वेद शाखेचे पदवीधर असून त्यांना आपत्कालीन उपचारांचे वेगळे प्रशिक्षण दिलेले असते. मान स्थिर ठेवून माणसाला फळीवर घेणे, जबडा पुढे ओढून श्वास मोकळा करणे, ऑक्सिजन लावणे, मोडलेल्या पायाला आधारपट्टी बांधणे ही कामे त्यांना पावसात, अंधारात, जमलेल्या गर्दीत करताना मी पाहिले आहे. ज्यांना २०१४ पूर्वीचा काळ आठवतो त्यांना हा फरक वेगळा सांगण्याची गरज नाही. १९ मार्च २०१३ च्या पहाटे खेडजवळ जगबुडी नदीच्या पुलावरून खासगी बस खाली कोसळली आणि ३७ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा ही सेवा अस्तित्वातच नव्हती.

फोन करणाऱ्यासाठी एकच सूचना महत्त्वाची आहे. चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाल्यापासून या रस्त्याचे रूप सतत बदलत आले आहे. जुन्या वळणांची नावे गावकऱ्यांना ठाऊक असतात, पण पुण्यात बसलेल्या माणसाला ती कळत नाहीत. बाह्यवळणे आणि उड्डाणपूल झाल्यावर 'गावाजवळ' म्हणजे वरचा रस्ता की खालचा, हेही सांगावे लागते. म्हणून तालुका, आधीचे आणि पुढचे गाव, गाडीचे तोंड मुंबईकडे आहे की गोव्याकडे, आणि दिसत असेल तर किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, एवढे सांगितले तर गाडी चुकत नाही. फोन करणाऱ्याने आपला मोबाईल मोकळा ठेवावा, कारण रुग्णवाहिकेतून त्यावरच परत फोन येतो. नाणीजच्या संस्थानाच्या मोफत रुग्णवाहिकाही महामार्गावर असतात आणि राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ हा वेगळा क्रमांक आहे. पण गंभीर जखमीसाठी पहिला फोन १०८ लाच करावा, कारण तेथे डॉक्टर सोबत येतो.

आता अंतराचा प्रश्न. रत्नागिरीहून मुंबई ३०० किलोमीटरांहून अधिक दूर आहे आणि आंबा घाटाने कोल्हापूर सुमारे १३०. सावंतवाडी, दोडामार्ग या बाजूचे लोक मेंदूच्या किंवा इतर अवघड शस्त्रक्रियेसाठी बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाहतात. महाड-पोलादपूरचे लोक मुंबई-पनवेलकडे. जुलैमध्ये दरड कोसळून घाट बंद झाला तर हा हिशेब कागदावरच राहतो. ही अंतरे कोणीही कमी करू शकणार नाही. बोगदे आणि पूल झाल्यावर थोडी सुधारणा होते. कशेडीच्या बोगद्याने ती झालीही आहे. पण चालत्या गाडीतल्या वेळेची जितकी चर्चा होते, तितकी थांबलेल्या वेळेची होत नाही. जखमी माणूस रुग्णालयाच्या स्ट्रेचरवर पडून आहे आणि कोणाची तरी वाट पाहिली जात आहे, हा तो थांबलेला वेळ. माझ्या अनुभवात रस्त्यावर वाचवलेली मिनिटे बहुतेक वेळा येथेच खर्च होतात.

मी पाहिलेली एक घटना सांगतो, त्यातल्या रुग्णालयाचे नाव सांगत नाही. ऐन पावसाळ्यात मोटारसायकलवरून जाणाऱ्या तरुणाला ट्रकची धडक बसली होती. बाहेर फारसे रक्त दिसत नव्हते, पण चेहरा पांढरा पडलेला, नाडी जलद, आणि कंबरेला हात लावला की तो किंचाळत होता. कटिबंधाचे हाड मोडले की आतल्या आत इतका रक्तस्राव होतो की बाहेरून काहीच न दिसता माणूस दगावू शकतो. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरने हे ओळखले. मांड्यांच्या हाडांची वरची टोके जेथे बाजूला लागतात त्या पातळीवर त्याने चादर घट्ट आवळून बांधली, सलाइन बेताने सुरू ठेवले आणि निघण्यापूर्वी रुग्णालयात फोनही केला. फोन उचलला गेला, पण निरोप ज्याने घेतला त्याच्यापुढे गेला नाही. गाडी पोहोचली तेव्हा स्ट्रेचर आणण्यापासून सुरुवात झाली. क्ष-किरण विभागाला कुलूप होते आणि तंत्रज्ञाला घरून बोलावले गेले. चित्र हातात आल्यावर सर्जनना फोन झाला, सर्जन आल्यावर भूलतज्ज्ञांना, आणि रक्तगट तपासायला नमुना पाठवण्याची आठवण त्यानंतर झाली. प्रत्येक माणूस आपापल्या परीने काम करत होता, कोणीही हलगर्जी नव्हता. पण प्रत्येकाचे काम आधीच्याचे संपल्यावरच सुरू होत होते. शेवटी रक्त पुरेसे नसल्यामुळे त्याला पुढे पाठवायचे ठरले, आणि पुढच्या रुग्णालयात जागा आहे का हे विचारण्याचे काम त्याच्या भावावर आले. क्ष-किरणांचे चित्र सोबत द्यायचे राहिले, म्हणून पुढे ते पुन्हा काढावे लागले. तो मुलगा वाचला. वाचला म्हणून या प्रकाराकडे दुर्लक्ष करावे, असे मला वाटत नाही.

या घटनेत महागडे असे काय कमी होते? काहीच नाही. निरोप पुढे जाण्याची वाट आणि कोणी काय करायचे याची आधी ठरलेली वाटणी, या दोनच गोष्टी नव्हत्या. हर्णैच्या बंदरात होड्या किनाऱ्याकडे येताना दिसल्या की टोपल्या, बर्फ आणि माणसे आधीच वाळूवर उभी असतात. मासळी उतरल्यावर बर्फ शोधायला कोणी निघत नाही. अपघात विभागात हीच शिस्त हवी. रुग्णवाहिका अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे असे कळले, की एक परिचारिका सलाइन आणि औषधे भरून ठेवते, एक डॉक्टर श्वासमार्गाच्या साधनांपाशी उभा राहतो, तंत्रज्ञाला तेव्हाच बोलावले जाते, रक्तपेढीला सूचना जाते आणि एक जण फक्त वेळ व नोंद लिहितो. छोट्या रुग्णालयात एवढी माणसे रात्री नसतात, हे खरे आहे. मग तीन माणसांत ही कामे वाटावीत. पण वाटणी गाडी येण्याआधी झालेली असावी.

गाडीतून येणारा निरोपही ठरावीक क्रमाने आला पाहिजे. अपघात कसा झाला, जखमा कोणत्या, नाडी-श्वास-शुद्धीची स्थिती काय, आतापर्यंत काय केले, आणि किती मिनिटांत पोहोचणार, एवढेच सांगायला एक मिनिटही लागत नाही. हाच क्रम रुग्णालयातही रुग्ण सोपवताना पाळावा, आणि तो सांगितला जात असताना बाकीच्यांनी शांत राहून ऐकावे.

गंभीर जखमीवर उपचारांचा क्रम जगभर ज्या प्रशिक्षणातून रुजला, त्याची सुरुवात लहान रुग्णालयातल्या गोंधळातूनच झाली होती. फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात डॉ. जेम्स स्टायनर या अस्थिशल्यविशारदांचे छोटे विमान शेतात कोसळले. त्यांची पत्नी जागीच मरण पावली आणि मुले गंभीर जखमी झाली. ग्रामीण रुग्णालयात मिळालेल्या उपचारांत कोणताही ठरलेला क्रम नव्हता, हे त्यांनी स्वतः जखमी अवस्थेत पाहिले. त्यातून १९७८ मध्ये प्रशिक्षणाचा पहिला वर्ग झाला आणि पुढे अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला. प्रथम श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण, मग मेंदूची स्थिती, आणि शेवटी अंगावरचे कपडे काढून संपूर्ण तपासणी: हा क्रम आज आपल्याकडच्या शस्त्रक्रिया शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. उपजिल्हा रुग्णालयात रात्रपाळीला असणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि परिचारिकेला मात्र तो एकत्र सराव करून शिकवला गेला पाहिजे. एकेकट्याला शिकवून हे काम साधत नाही.

कपडे काढण्याचा मुद्दा कोकणात वेगळ्या कारणानेही महत्त्वाचा आहे. जुलैतल्या अपघातातला माणूस चिंब भिजलेला असतो. शरीर थंड पडले की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, रक्त गेल्याने शरीरात आम्लता वाढते, त्यामुळे गोठणे आणखी बिघडते आणि रक्तस्राव वाढत जातो. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की सर्जनच्या हातूनही सहज थांबत नाही. तरीही ओल्या कपड्यांतच माणूस तासभर पडून राहतो आणि त्याला खोलीतल्या तापमानाचे सलाइन बाटलीमागून बाटली लावले जाते. कापड कापून काढणे, अंग कोरडे करणे, दोन जाड कांबळी पांघरणे आणि पंखा बंद करणे, याला खर्च जवळजवळ नाहीच. प्रत्येक रुग्णवाहिकेत आणि अपघात विभागात कोरड्या कांबळ्यांचा गठ्ठा असावा, ही माझी आग्रहाची मागणी आहे.

असेच आणखी एक स्वस्त औषध आहे. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे इंजेक्शन आपल्याकडे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या नित्य वापरात आहे आणि तालुक्याच्या औषध दुकानात सहज मिळते. ४० देशांतल्या २०,००० हून अधिक जखमींवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा या औषधाने रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात असे दिसले. त्यातली अट वेळेची आहे. ते जितके लवकर तितके चांगले, आणि अपघाताला तीन तास उलटून गेल्यावर दिल्यास उलट अपायच संभवतो. पहिला एक ग्रॅम दहा मिनिटांत द्यायचा असतो. ज्या प्रदेशात मोठे रुग्णालय तीन तासांच्या आत गाठणे हेच अनेकदा कठीण, तेथे हा पहिला डोस वाटेतच, किंवा पहिल्या रुग्णालयात दारातच, दिला जाण्याची लेखी पद्धत असली पाहिजे. रक्ताचेही असेच आहे. महामार्गावरच्या प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयातल्या रक्तसाठवणूक केंद्रात 'ओ' गटाच्या काही पिशव्या गटजुळणीची वाट न पाहता देण्यासाठी राखून ठेवल्या आणि वापरल्या गेल्या की लगेच भरून काढल्या, तर पुढे पाठवण्याच्या प्रवासात दगावणारी काही माणसे तरी वाचतील, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

कोणाला कोठे न्यायचे, हा या सेवेतला सर्वांत अवघड प्रश्न आहे. आज साधारणपणे जवळचे रुग्णालय गाठले जाते, आणि तेथून 'रेफर' होते. किरकोळ जखमीसाठी हे योग्यच आहे. डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेल्या माणसासाठी मात्र, जेथे सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन दोन्ही नाहीत तेथे थांबणे म्हणजे वेळ गमावणे होय. अपवाद एकच, श्वासमार्ग धोक्यात असेल तर तो जवळच्या ठिकाणी सुरक्षित करून मग पुढे जावे. इंग्लंडने २०१२ मध्ये गंभीर जखमींसाठी देशभर रुग्णालयांची प्रादेशिक जाळी उभारली. गंभीर जखमी ओळखण्याचे निकष रुग्णवाहिकेत लेखी असतात, ते पूर्ण झाले की गाडी जवळचे छोटे रुग्णालय ओलांडून ठरलेल्या मोठ्या केंद्रात जाते, आणि त्या केंद्राला रुग्ण नाकारता येत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जखमांची तीव्रता हिशेबात धरूनही, जगण्याचे शक्यता-गुणोत्तर, म्हणजे वाचणाऱ्यांचे दगावणाऱ्यांशी असलेले प्रमाण, १९ टक्क्यांनी वाढलेले आढळले. इतक्या दूरचे उदाहरण नको असेल तर तामिळनाडू पाहावे. तेथे सरकारी रुग्णालयांत रुग्ण येण्याआधी सूचना देण्याची आणि दारातच लाल, पिवळा, हिरवा असे वर्गीकरण करण्याची पद्धत राज्यभर राबवली गेली, आणि डिसेंबर २०२१ पासून अपघातानंतरच्या पहिल्या ४८ तासांचे उपचार मोफत करण्यात आले.

कोकणात हे करण्याजोगी परिस्थिती आता कोठे आली आहे. अलिबाग, सिंधुदुर्गनगरी आणि रत्नागिरी येथे गेल्या काही वर्षांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. चिपळूणजवळ डेरवणचे वालावलकर रुग्णालय त्याआधीपासून आहे. महामार्गाच्या पट्ट्यात माणगाव, कळंबणी, कामथे, कणकवली येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. यांतले कोणते रुग्णालय रात्री दोन वाजता पोट उघडून रक्तस्राव थांबवू शकते, कोणाकडे भूलतज्ज्ञ आवारातच राहतो, कोणाचे सीटी यंत्र चालू आहे, याची ताजी माहिती रोज संध्याकाळी नियंत्रण कक्षाकडे असावी. पाटी पाहून गाडी वळवण्यात अर्थ नाही. त्या रात्री तेथे कोण हजर आहे ते पाहूनच वळवली पाहिजे. आणि एका रुग्णालयाने पुढे पाठवायचे ठरवले, तर दुसऱ्या रुग्णालयाच्या डॉक्टरांशी बोलणे हे डॉक्टरचेच काम आहे. घाबरलेल्या भावाच्या हातात फोन देऊन ते उरकू नये.

पैशांची बाजू आता पूर्वीइतकी भयावह नाही, पण ती लोकांना माहीत नाही. रस्ता अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारची रोकडरहित उपचारांची योजना मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली असून त्यात अपघाताच्या तारखेपासून कमाल ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नामनिर्देशित रुग्णालयांत मिळतात. त्यासाठी अपघाताची नोंद पोलिसांकडे वेळेत जाणे आवश्यक असते, म्हणून नातेवाइकांपैकी एकाने रुग्णासोबत आणि एकाने पोलीस ठाण्यात जाणे शहाणपणाचे ठरते. मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीतीही आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. नाव सांगण्याची सक्ती मदत करणाऱ्यावर करता येत नाही. आमच्या गावात तरुण मुले धावून जातात, पण जखमीला दोन हात-दोन पाय धरून उचलून रिक्षात घालतात, पाणी पाजतात. मणक्याला इजा असेल तर असे उचलणे घातक ठरते, आणि शस्त्रक्रिया होणार असलेल्याला पाणी देणे धोक्याचे असते. वाहते रक्त स्वच्छ फडक्याने सतत दाबून धरणे, त्याला आहे तसाच ठेवून ऊब देणे आणि १०८ ची वाट पाहणे, एवढे ग्रामपंचायतींनी प्रत्येक वाडीत शिकवावे. गाडीला आग लागण्याचा किंवा दुसरे वाहन आदळण्याचा धोका असेल, तरच त्याला हलवावे.

गुण द्यायचेच झाले तर, रस्त्यावरच्या सेवेला मी पाचपैकी चार देईन, रुग्णालयाच्या दारातल्या स्वागताला दोन, आणि एका रुग्णालयातून दुसऱ्यात पाठवण्याच्या व्यवस्थेला एक. यातली शेवटची दोन वर नेण्यासाठी नव्या इमारतीची वाट पाहू नये. जिल्हा शल्यचिकित्सकांनी महिन्यातून एक दुपार त्यासाठी ठेवावी. त्या महिन्यात अपघाताने दगावलेल्या प्रत्येक माणसाचा कागद टेबलावर यावा, समोर १०८ चे डॉक्टर, अपघात विभागातल्या परिचारिका, रक्तपेढीचे तंत्रज्ञ आणि महामार्ग पोलीस असावेत, आणि कोणाला दोष न देता दोनच वेळा मोठ्याने वाचल्या जाव्यात: रुग्ण दारात आला ती वेळ, आणि तो तेथून शस्त्रक्रियागृहात किंवा पुढच्या गाडीत गेला ती वेळ. आज रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरला आपण आणून सोडलेल्या माणसाचे पुढे काय झाले हे बहुधा कळतच नाही. त्या बैठकीत ते त्याला सर्वांत आधी सांगितले जावे.